आज्जीला कळतंय काय, मोबाईलला कळतंय काय? जाणीव म्हणजे काय ते सोप्या भाषेत

परवा माझा भाचा घरी आला होता, अनगोळला राहतो, यंदा दहावीला आहे. मोबाईलवर त्या एआय चॅटबॉटबरोबर मराठीत गप्पा मारत बसला होता. ह्यानं टाइप केलं की परीक्षेचं लई टेन्शन आलंय, तर त्यानं लगेच लिहिलं, मी समजू शकतो, असं वाटणं स्वाभाविक आहे, एक दीर्घ श्वास घे. भाच्यानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मामा, ह्याला खरंच कळतंय, का नुसतं बोलालंय?"

मी उत्तर द्यायला गेलो आणि अडखळलो, कारण हाच प्रश्न मी चार वर्षांमागं ऐकला होता, बेळगावातल्या एका हॉस्पिटलात, आयसीयूच्या दारात. आज्जीला स्ट्रोक आला होता. नऊ दिवसांनी तिनं डोळे उघडले, आम्ही पेढे आणायच्या गोष्टी करायला लागलो, खरं ती बघत होती छताकडं, आमच्याकडं नाही. मावशी डॉक्टरांना सारखं एकच विचारत होती, "आईला कळतंय काय हो, का नुसते डोळे उघडे हाईत?"

एकीकडं न बोलणारी आज्जी आणि एकीकडं भडाभडा बोलणारा मोबाईल, आणि प्रश्न अगदी तोच. तेव्हापासून ह्या विषयावर जे मिळेल ते वाचतोय, आणि जे कळलं ते इथं लिहितोय, कारण हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक घरात येणार आहे.

आपल्याकडं ह्यासाठी एक नाही, चार-पाच शब्द आहेत

इंग्रजीत ह्या सगळ्याला कॉन्शसनेस असा एकच शब्द वापरतात आणि तिथंच निम्मा घोळ होतो. आपण मराठीत कसं बोलतो बघा. गाडीवरनं पडला आणि शुद्ध हरपली. गप्पांत भान राहिलं नाही आणि दूध उतू गेलं. आता दूध उतू गेलं तेव्हा बाई शुद्धीवर होतीच की, तरी भान नव्हतं. यल्लम्माच्या डोंगरावर एखाद्या बाईच्या अंगात येतं, ती नाचते, बोलते, डोळे उघडे असतात, नंतर विचारलं तर म्हणते मला कायच आठवत नाही, म्हणजे शरीर चालू आणि भान नाही हे आपल्या लोकांना फार आधीपासून ठाऊक आहे. मग जाणीव, ती अजून वेगळी, भूक लागल्याची जाणीव, चूक झाल्याची जाणीव, म्हणजे आतून काहीतरी वाटणं. आणि जीव तर सगळ्याच्या तळाला.

आमच्या भागात तर त्यात कन्नडची भर. आयसीयूमधली सिस्टर आज्जीकडं बघून म्हणाली होती, "एच्चर ऐती, खरे एनू गोत्तागंगिल्ल." जाग आहे, पण काही कळत नाही. एच्चर म्हणजे जाग, आणि कळण्याला, आतल्या जाणिवेला कन्नडात अरिवु म्हणतात, तो शब्द बसवण्णांसारख्या शरणांच्या वचनांतून घराघरात गेलेला आहे. त्या वेळी आम्हाला सिस्टरचं बोलणं कोड्यासारखं वाटलं, जागी आहे तर कळत कसं नाही? नंतर वाचल्यावर समजलं की मेंदूचे डॉक्टर जगभर नेमका हाच फरक करतात. जागेपण वेगळं आणि जाणीव वेगळी. सिस्टरनं एका वाक्यात सगळं सांगितलं होतं.

घरातल्या टीव्हीचं बघा. लाईट आहे, टीव्ही चालू आहे, लाल दिवा पेटलाय, स्क्रीन उजळलाय, खरं केबलच तुटली असेल तर चित्र येणार नाही. जागेपण म्हणजे ती लाईट. ती सांभाळतो मेंदूचा खालचा देठ, डॉक्टर त्याला ब्रेनस्टेम म्हणतात, श्वास, झोपणं-उठणं हे तिथून चालतं. जाणीव म्हणजे चित्र, त्याला देठाबरोबर वरचा मेंदू आणि त्यांना जोडणाऱ्या तारा सगळं लागतं.

आता कोड्यातल्या गोष्टी उलगडतात. कोमा म्हणजे जागही नाही आणि जाणीवही नाही. आज्जीसारखी अवस्था, डोळे उघडतात मिटतात खरं आत काही कळत असल्याची खूण दिसत नाही, तिला व्हेजिटेटिव्ह स्टेट म्हणतात, म्हणजे लाईट आहे आणि चित्र नाही. स्वप्न पडतं तेव्हा उलटं, जाग नाही आणि चित्र जोरात चालू. ऑपरेशनच्या भुलेत तर वेळच पुसला जातो, झोपून उठल्यावर निदान थोडा वेळ गेला असं वाटतं, भुलेतून उठलेला माणूस विचारतो, अजून सुरू केलं नाही काय?

आणि एक गोष्ट ठळक सांगतो कारण त्यावरून आमच्याच पाहुण्यांत भांडण झालं. ब्रेन डेड म्हणजे कोमा नव्हे. ब्रेन डेडमध्ये तो देठच गेलेला असतो, मशीन श्वास देतं म्हणून छाती हलते आणि हृदय काही काळ चालतं. आपल्याकडं १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं त्याला मृत्यू मानलंय, डॉक्टरांचं मंडळ तपासण्या करतं आणि किमान सहा तासांनी परत करतं, मगच जाहीर करतात. कोमातला माणूस परत येऊ शकतो. ब्रेन डेड झालेला येत नाही.

बैल, ट्रॅक्टर आणि सोसायटी

आता दुसरा भाग, कुणाला कळतं आणि कुणाला नाही हे आपण साधी माणसं ठरवतो कसं?

२००७ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी, हेदर ग्रे, कर्ट ग्रे आणि डॅनियल वेग्नर, इंटरनेटवरून जवळजवळ २४०० लोकांना प्रश्न विचारले. माणूस, बाळ, कुत्रा, बेडूक, रोबो, मेलेली बाई, देव, अशी १३ पात्रं दिली आणि कुणाला भूक लागते, कुणाला भीती वाटते, कोण बेत आखू शकतं, कोण लक्षात ठेवतं अशा १८ गोष्टींवरून त्यांची जोडीजोडीनं तुलना करायला लावली. उत्तरांचा हिशोब मांडल्यावर दिसलं की लोकांच्या डोक्यात मनाची एक नाही, दोन खाती आहेत. एक वाटण्याचं खातं, त्यात भूक, दुखणं, भीती, आनंद. दुसरं करण्याचं खातं, त्यात विचार, बेत, आठवण, स्वतःवर ताबा. बाळाला वाटतं भरपूर, करता येत नाही काही. रोबोला थोडंफार करता येतं, वाटत काही नाही. आणि मला सगळ्यात जास्त थांबवलं ते हे की जाणीव ही गोष्ट लोकांनी विचार आणि आठवणीच्या खात्यात नाही टाकली, ती भूक आणि दुखण्याच्या शेजारी बसवली.

हे आपल्या गावात रोज दिसतं, त्यासाठी अमेरिकेला जायला नको. आमच्याकडं कर्नाटकी बेंदूर असतो, आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तूप लावून चोळतात, वर्षभर जू ओढून त्याचे खांदे दुखले म्हणून. खंडेनवमीला ट्रॅक्टरचीही पूजा होते, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. खरं ट्रॅक्टरचे खांदे कुणी चोळत नाही. दोघांना मान आहे, दुखणं फक्त बैलाला. कुणी शिकवलं आपल्याला? कुणीच नाही. तसंच, सोसायटीनं व्याज वाढवायचं ठरवलं असं आपण सहज म्हणतो, सोसायटीला सगळं माहीत होतं असंही म्हणतो. सोसायटीला आज उदास वाटतंय असं म्हणून बघा, ऐकणारा तोंडाकडं बघेल. २००८ मध्ये जोशुआ नोब आणि जेसी प्रिन्झ ह्या दोघांनी कंपन्यांची उदाहरणं घेऊन लोकांना हेच विचारलं आणि हेच उत्तर आलं, कंपनी ठरवते, ओळखते, इच्छा धरते, पण कंपनीला वाटत काही नाही.

एका बाबतीत मात्र त्या अमेरिकन यादीशी माझं पटत नाही. तिथं लोकांनी देवाला करण्याच्या खात्यात पैकीच्या पैकी दिले आणि वाटण्याच्या खात्यात जवळजवळ शून्य. आपला देव असा आहे काय? पंढरपूरला आषाढीच्या दिवसांत विठोबाचा पलंग काढून ठेवतात कारण देव भक्तांसाठी जागा असतो, आणि वारी संपली की प्रक्षाळपूजेला त्याचा शीण जावा म्हणून स्नान घालतात, काढा देतात. आपला देव थकतो, त्याला झोप लागते, काकड्याला उठवावं लागतं. तेव्हा साधी माणसं असा विचार करतात म्हणताना कुठली माणसं हे विचारायलाच पाहिजे. दोन खाती सगळीकडं असतील, त्यात कुणाला किती टाकायचं हे घरात, देवळात, शेतात शिकलेलं असतं.

मग मोबाईल आपल्याला फसवतो कसा

मोबाईल फसवतो म्हणण्यापेक्षा आपण भोळे आहोत म्हणा. १९४४ मध्ये हायडर आणि सिमेल ह्यांनी एक छोटी फिल्म बनवली, त्यात एक चौकोन, आणि त्याच्या आतबाहेर दोन त्रिकोण आणि एक गोल इकडं तिकडं सरकतात, बस, बाकी काही नाही. ३४ जणींना दाखवून काय दिसलं ते लिहायला सांगितलं तर एकीनंच आकार सरकले असं लिहिलं. बाकी सगळ्यांनी गोष्ट लिहिली, हा मोठा दादागिरी करतोय, तो घाबरलाय, ती लपली. त्रिकोण घाबरला! आपला मेंदू हालचाल दिसली की आत कोणीतरी आहे असं धरून चालतो, अंधारात झुडूप हललं की आधी माणूस आहे वाटतं तसं.

आणि बोलणं तर हालचालीपेक्षा भारी. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम ह्यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम केला होता, तो बहुतेक वेळा समोरच्याचीच वाक्यं उलटी करून प्रश्न म्हणून परत द्यायचा. तरी त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलताना त्यांनाच म्हणाली की तुम्ही जरा खोलीबाहेर जाता काय. तिला माहीत होतं हा प्रोग्राम आहे, महिनोन् महिने त्याच्यावर काम चाललेलं तिनं बघितलं होतं. आजचे चॅटबॉट एलायझाच्या कित्येक पटीनं पुढं आहेत. २०२४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या ३०० लोकांना चॅटजीपीटीबद्दल विचारलं, तर ६७ टक्के लोकांनी त्याच्या आत थोडीतरी जाणीव असू शकते असं धरलं, आणि जे जास्त वापरतात ते जास्त धरतात.

"खरं ते उत्तर बरोबर देतंय की!"

भाचा हेच म्हणाला. त्याला मी शाळेतली गोष्ट सांगितली. आमच्या मराठी शाळेत कन्नड शिकायच्या आधी कन्नड प्रार्थना पाठ झाली होती, चढउतारासकट, हात जोडून, डोळे मिटून. ऐकणाऱ्या कन्नड पाहुण्यांना वाटायचं पोरांना किती छान कळतंय. आम्हाला एक शब्द कळत नव्हता.

हे उदाहरण पूर्ण जुळत नाही, चॅटबॉट पाठांतर करत नाही. त्याला माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर दाखवलेला असतो, त्यावरून आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढचा शब्द कुठला येईल ह्याचा अंदाज तो बांधतो, एक शब्द मग पुढचा मग पुढचा, आणि लोकांना आवडतील अशी उत्तरं द्यायला त्याला वरून अजून घडवलेलं असतं. हे करताना तो गणितं सोडवतो, चुका शोधतो, करण्याच्या खात्यात त्याला मार्क द्यावेच लागतील, मी देतो. प्रश्न वाटण्याच्या खात्याचा आहे. "मी समजू शकतो" हे वाक्य त्याच्याकडं आलं ते कोट्यवधी माणसांनी एकमेकांना समजावताना ते लिहून ठेवलं म्हणून. ती माणसं खरोखर समजून घेत होती. वाक्य त्यांच्याकडून आलंय, म्हणून वाक्यावरून मशीनच्या आत काय चाललंय ह्याचा पुरावा मिळत नाही. आत काही आहे असंही त्यावरून सिद्ध होत नाही आणि नाही असंही नाही.

"मग शास्त्रज्ञांनी मोजून सांगावं की"

इथंच गाडी अडते. मेंदूतली कुठली जागा कधी पेटते ते मोजता येतं. खरं त्या पेटण्यातून दुखणं *वाटतं* कसं, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. डेव्हिड चाल्मर्स ह्या तत्त्वज्ञानं १९९५ मध्ये ह्याला अवघड प्रश्न असं नावच देऊन टाकलं. १९९८ मध्ये क्रिस्टोफ कॉख ह्या मेंदू संशोधकानं त्याच्याशी पैज लावली की २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण स्पष्ट सापडेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला भर सभेत कॉखनं हार मानली आणि वाईनच्या बाटल्या दिल्या.

कुणी म्हणेल संतांनी सांगितलंय की चैतन्य सगळीकडं भरलंय, मग मोबाईलमध्येही आलंच. माझ्या घरात माळकरी आहेत, मी हे हलक्यात घेत नाही. पण संत ज्या चैतन्याबद्दल बोलतात ते दगडातही आहे आणि बैलातही, आणि तरीही माळकऱ्याच्या घरी बैलाला चाबूक मारताना हात थांबतो, दगड फोडताना थांबत नाही. तेव्हा तो मोठा प्रश्न मान्य केला तरी दुखतं कुणाला हा छोटा प्रश्न शिल्लकच राहतो.

प्राण्यांच्या बाबतीत ह्या छोट्या प्रश्नाचं उत्तर सरकायला लागलंय. एप्रिल २०२४ मध्ये बऱ्याच शास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये एक जाहीरनामा काढला, त्यात म्हटलं की सस्तन प्राणी आणि पक्षी ह्यांना जाणीव असण्याला भक्कम आधार आहे, आणि मासे, बेडूक, खेकडे, किड्यांपर्यंत ती असण्याची खरीखुरी शक्यता आहे, दुर्लक्ष करू नका. ब्रिटननं २०२२ च्या कायद्यात खेकडा आणि ऑक्टोपसला वेदना जाणवणाऱ्या प्राण्यांत घातलं. पहिल्या पावसात खानापूरकडं खेकडे धरायला जाणाऱ्यांत मीही असतो. हे वाचल्यापासून जिवंत खेकडा उकळत्या पाण्यात टाकायला मन होत नाही.

न बोलणाऱ्याचं काय

बोलणं हीच आपली जाणिवेची मोजपट्टी आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी चुकते. बोलणाऱ्या मशीनला आपण पटकन मन देऊन टाकतो आणि न बोलणाऱ्या माणसाचं पटकन काढून घेतो. पहिल्या चुकीपेक्षा मला दुसरीची भीती जास्त वाटते.

अरुणा शानबाग आठवतात काय? मूळ आपल्याच उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या, मुंबईला केईएम हॉस्पिटलात नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, त्या तिथंच खाटेवर होत्या. त्यांचं अन्न थांबवावं असा अर्ज सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा कोर्टानं तीन डॉक्टर पाठवले, त्यांच्या मते व्हेजिटेटिव्ह अवस्थेची बहुतेक लक्षणं होती. केईएमच्या नर्सेस मात्र सांगत होत्या की अरुणाला कळतं, आवडतं-नावडतं समजतं. ७ मार्च २०११ ला कोर्टानं तो अर्ज फेटाळला, आणि त्यांच्या वतीनं बोलायचा अधिकार त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या लोकांचा मानला. पिढ्या बदलल्या, ज्यांनी तिला कधी चालताना बघितलं नव्हतं अशा नर्सेस तिला आपली मानून आंघोळ घालत होत्या. कुणी म्हणेल ती माया होती, ज्ञान नव्हतं. माया असेलच. खरं रोज हात लावणाऱ्याला ज्या बारीक खुणा दिसतात त्या दहा मिनिटं तपासणाऱ्याला दिसत नाहीत, हेही तितकंच खरं आहे आणि ह्याला आता पुरावा आहे.

२००६ मध्ये एड्रियन ओवेन ह्यांच्या टीमनं २३ वर्षांच्या एका तरुणीला, अपघातानंतर पाच महिने काहीच प्रतिसाद न देणाऱ्या, मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवलं आणि सांगितलं, तू टेनिस खेळतीयस अशी कल्पना कर. नंतर सांगितलं, आता घरातल्या खोल्यांतून फिर. बोट हललं नाही, खरं तिच्या मेंदूत धडधाकट माणसाच्या पेटतात त्याच जागा पेटल्या, दोन्ही वेळा वेगवेगळ्या. तिला ऐकू येत होतं, समजत होतं. पुढं २०२४ मध्ये अनेक देशांतल्या हॉस्पिटलांचा मिळून अभ्यास आला, सांगितलेलं काही न करणारे २४१ पेशंट, त्यांतल्या ६० जणांच्या मेंदूनं आतल्या आत सूचना पाळल्या. चारातला एक. हे सगळे पेशंट निवडून घेतलेले होते, प्रत्येक आयसीयूत हेच प्रमाण असेल असं नाही, तरी हा आकडा वाचला त्या रात्री मला झोप आली नाही.

असे स्कॅन आपल्याकडं सहज होत नाहीत. पण खाटेजवळ बसून करायची एक तपासणी आहे, फक्त ती नीट आणि पुन्हा पुन्हा करावी लागते. २००९ मध्ये एका अभ्यासात व्हेजिटेटिव्ह म्हणून ठरवलेले ४४ पेशंट ह्या पद्धतीनं परत तपासले तर १८ जणांत जाणिवेच्या खुणा निघाल्या. तेव्हा तुमच्या घरातलं कुणी अशा अवस्थेत असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, हा कोमा आहे, व्हेजिटेटिव्ह आहे, का थोडी जाणीव असलेली अवस्था आहे, आणि हे किती वेळा तपासलं? भेटायच्या वेळेत नाव घेऊन बोला, त्यांच्याच भाषेत, घरच्या आवाजात. काय दिसलं, कितीला दिसलं ते वहीत लिहून दाखवा. आणि पेशंटसमोर तो गेल्यासारखं बोलू नका.

त्या तपासणीतला एक भाग वाचताना मी थांबलो. पेशंटची नजर काही पाठलाग करते काय हे बघायचं असतं, आणि त्यासाठी सगळ्यात चांगली वस्तू कुठली हेही तपासून झालंय. दुसरी कुठली हलती वस्तू नाही, समोरून फिरणारा माणूस नाही, साधा हातातला आरसा. माणूस बाकी कशाकडं बघत नसला तरी स्वतःच्या चेहऱ्यामागं त्याची नजर सरकू शकते.

आज्जीची फणेरपेटी होती, झाकणाला आतून आरसा लावलेली. साठ वर्षं रोज सकाळी उंबऱ्याजवळ बसून ती त्यात बघून कुंकू लावायची. अठरा दिवस आम्ही हॉस्पिटलात कपडे नेले, तेल नेलं, देवाचा अंगारा नेला. पेटी घरीच फडताळात होती.